स्कोअर किती झाला?

पोरगं मॅच खेळून घरी आलं की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "किती-किती झालं?" किंवा सरळ "जिंकलात का?" मीही हेच विचारायचो. किंबहुना मी तर कोच होतो, मला विचारायचीही गरज नव्हती, आकडा तोंडपाठ असायचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. गेली दोन वर्षं मी आमच्या सोसायटीतल्या दहा वर्षांखालच्या पोरांना (आणि तीन पोरींना) रविवारी सकाळी फुटबॉल 'शिकवतो'. अवतरणचिन्हं मुद्दाम टाकली आहेत. माझी पात्रता काय, तर कॉलेजात असताना गॅदरिंगच्या मॅचेसमध्ये लेफ्ट बॅक खेळलोय आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून टीव्हीवर मॅच बघतो. एवढ्या भांडवलावर सोसायटीने मला शिट्टी दिली.

गेल्या वर्षी एका छोट्या स्पर्धेत आम्ही उतरलो. सात-सात जणांची टीम, तीन मॅचेस. माझ्याकडे मुलं होती अकरा. सात उत्तम खेळाडू निवडले, तिघांना अधूनमधून उतरवलं. अकरावा गडी सगळ्यात लहानखुरा. पूर्ण किट घालून, शिनगार्ड बांधून तिन्ही मॅचेस लाइनीवर उभा होता. तिसऱ्या मॅचमध्ये आम्ही एका गोलने पुढे होतो, शेवटची चार मिनिटं होती, त्याने माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे पाहिलं. कप जिंकलो. तो कप सध्या सोसायटीच्या ऑफिसात अग्निशामक सिलिंडरच्या शेजारी धूळ खात पडलाय.

पुढच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "काका, मी शूज नको ना आणू? मी पाण्याच्या बाटल्या धरतो."

महिन्याभरात त्याने यायचं बंद केलं. कोणाची काही तक्रार नाही, आईवडिलांचा फोन नाही, काही नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग आपल्या सवयीप्रमाणे रात्री वाचत बसलो, की बाबा लहान मुलांना फुटबॉल शिकवायची योग्य पद्धत नेमकी असते तरी काय. आणि वाचता वाचता बेल्जियमला पोचलो.

जून २०००

युरो २०००. बेल्जियम आणि नेदरलँड्स हे संयुक्त यजमान. बेल्जियमने सलामीला स्वीडनला २-१ असं हरवलं, सगळे खूश. मग इटलीकडून ०-२. मग तुर्कस्तानकडून ०-२. त्या शेवटच्या मॅचमध्ये गोलकीपरला लाल कार्ड मिळालं, बदली खेळाडू संपलेले, त्यामुळे एरिक डेफ्लांद्र नावाच्या बचावपटूला हातमोजे घालून गोलमध्ये उभं राहावं लागलं. घरच्या प्रेक्षकांसमोर! गटफेरीतच बाद होणारा युरोच्या इतिहासातला तो पहिला यजमान.

त्याच स्पर्धेत जर्मनीसारखा बलाढ्य देशही एका गुणावर, गटात तळाला राहून घरी गेला होता. म्हणजे लाज वाटून घ्यायला सोबत होती.

आता असं झालं की काय करतात हे आपल्याला ऑफिसातून चांगलं माहीत आहे. प्रोजेक्ट बोंबललं की मॅनेजर बदलतात. फुटबॉलमध्येही तेच, कोच बदलतात, दोन-चार म्हाताऱ्या खेळाडूंना नारळ देतात आणि पुढच्या स्पर्धेची वाट बघतात. बेल्जियमनेही यातलं थोडंफार केलं असणारच. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली जी मला फार आवडली. बग वरच्या थरात दिसत असला तरी तो तिथे नसेल, असं गृहीत धरून ते खाली खाली जात राहिले. थेट सात-आठ वर्षांच्या पोरांपर्यंत.

या सगळ्यातलं मुख्य नाव म्हणजे मिशेल साब्लोन. १९८६, १९९० आणि १९९४ या तिन्ही वर्ल्ड कपना बेल्जियमच्या प्रशिक्षक चमूत असलेला हा माणूस नंतर तिथल्या फुटबॉल संघटनेचा तांत्रिक संचालक झाला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रान्स, नेदरलँड्स, जर्मनी या शेजाऱ्यांकडे काय चालतं ते बघितलं. आणि मग एक काम लूव्हन विद्यापीठाला दिलं: लहान मुलांच्या मॅचेसचं चित्रीकरण करा आणि मोजा. थोड्याथोडक्या नाही, सुमारे १५०० मॅचेस.

मोजल्यावर काय दिसलं?

पहिली गोष्ट म्हणजे सगळीकडे जिंकण्याचा सोस. आठ वर्षांच्या मुलांचे कोच असे वागत होते की जणू उद्या वर्ल्ड कपची फायनल आहे. (इथे मी खुर्चीत जरा चुळबुळलो.) दुसरी गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून भयंकर. मोठ्या टीममध्ये खेळणाऱ्या छोट्या मुलांच्या पायाला चेंडू लागतच नव्हता. अख्ख्या मॅचमध्ये काही मुलांच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके स्पर्श.

हे वाचून मी कागद-पेन घेऊन बसलो. समजा २० मिनिटांची मॅच आहे, म्हणजे १२०० सेकंद. चेंडू एकच. तो सगळ्यांना अगदी समान वाटला तर प्रत्येकाकडे किती वेळ राहील?

अकरा विरुद्ध अकरा: ५५ सेकंदांहूनही कमी.
आठ विरुद्ध आठ: ७५ सेकंद.
पाच विरुद्ध पाच: १२० सेकंद.
दोन विरुद्ध दोन: ३०० सेकंद, म्हणजे पूर्ण पाच मिनिटं.

आणि हा झाला समाजवादी हिशोब. प्रत्यक्षात टीममधली दोन दांडगी पोरं निम्मा वेळ खाऊन टाकतात. चेंडू हवेत किंवा रेषेबाहेर जातो. तेव्हा लाजरं, लहानखुरं पोरगं वीस मिनिटं नुसतं धावतं आणि घरी जातं. आपण म्हणतो, "याला फुटबॉलमध्ये गती नाही." अहो, त्याने फुटबॉल खेळलाय कधी? आपण एखाद्याला कीबोर्डला हात न लावू देता वर्षभर प्रोग्रॅमिंगच्या क्लासला बसवलं आणि वर "याला कोडिंग जमत नाही" असं म्हटलं, तर कसं वाटेल?

साब्लोन मंडळींनी यातून जो आराखडा काढला तो २००६ साली देशभरातल्या क्लबांना आणि कोचेसना दिला. त्यातली मुख्य सूत्रं अशी:

सगळ्यात लहान मुलांनी दोन विरुद्ध दोन खेळायचं, मग पाच विरुद्ध पाच, मग आठ विरुद्ध आठ, आणि बऱ्याच उशिरा अकरा विरुद्ध अकरा. मैदानही त्याच मापाचं. मोठ्यांच्या अंगरख्याच्या बाह्या दुमडून लहानांना घालायचा नाही, नवीन शिवायचा.

आधी ड्रिब्लिंग, मग पास. सहा-सात वर्षांचं मूल स्वभावानेच चेंडू सोडायला तयार नसतं. ते 'स्वार्थी' नसतं, त्याचं वयच तसं असतं. तेव्हा "पास दे, पास दे" म्हणून ओरडायचं नाही. चेंडूशी दोस्ती झाली की पास आपोआप सुचतो.

सात आणि आठ वर्षांखालच्या मुलांसाठी गुणतक्ता नाही. मॅचेस होतील, पण कोण पहिलं, कोण शेवटचं याचं टेबल लागणार नाही.

आणि मोठ्या वयोगटांत सगळ्यांनी एकच पद्धत, ४-३-३, खेळायची. खालून वर येणाऱ्या मुलाला दर वर्षी नवीन भाषा शिकायला लागू नये म्हणून.

याशिवाय एक अगदी व्यवहारी निर्णय. कोच होण्याचा पहिल्या पायरीचा कोर्स फुकट करून टाकला. अर्ज करणाऱ्यांची संख्या भराभर वाढली. लहान मुलांना शिकवणारे बहुतेक जण माझ्यासारखेच, म्हणजे हौशी काका-मामा. त्यांना दोष देण्यापेक्षा शिकवलेलं बरं, हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

हे सगळं लोकांनी आनंदाने मान्य केलं का? छे! गुणतक्ता नाही म्हटल्यावर क्लबवाले वैतागले. साब्लोन आणि त्याचे लोक गावोगाव फिरून समजावत राहिले. राष्ट्रीय ज्युनियर संघांनी नव्या पद्धतीने खेळायला सुरुवात केली तेव्हा आधी ते हरलेच. आणि मोठा संघ? २००२ च्या वर्ल्ड कपनंतर पुढचा वर्ल्ड कप खेळायला त्यांना २०१४ उजाडलं. मधल्या पाच मोठ्या स्पर्धांना ते पात्रच ठरले नाहीत. २००७ साली फिफाच्या क्रमवारीत बेल्जियम ७१ वा होता. अशा वेळी "आम्ही आठ वर्षांच्या मुलांवर काम करतोय" असं सांगत राहायला काय जिगर लागत असेल! इथे तिमाही निकाल चुकला तर लोक प्लॅन फाडून टाकतात.

जन्मतारखेचा घोळ

आता या गोष्टीतला मला सर्वात टोचलेला भाग.

लूव्हन विद्यापीठातल्या वेर्नर हेल्सन या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बेल्जियममध्ये मुलांचे वयोगट ठरवायची तारीख १९९७ पर्यंत १ ऑगस्ट होती. त्या वर्षी ती बदलून १ जानेवारी केली. कारण प्रशासकीय होतं, इतर देशांशी जुळवून घ्यायचं म्हणून. पण त्यामुळे संशोधकांना आयता प्रयोगच मिळाला.

तारीख बदलण्याआधी निवडल्या गेलेल्या 'गुणवान' मुलांत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्यांची गर्दी होती. तारीख बदलल्यावर? जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी झाली, आणि ऑगस्टवाले मागे पडले. देश तोच, कोच तेच. एका वर्षात ऑगस्टमधल्या पोरांची गुणवत्ता आटली की काय?

उघड आहे, कोच गुणवत्ता निवडत नव्हते, वय निवडत होते. एकाच गटातला जानेवारीतला मुलगा डिसेंबरमधल्या मुलापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा. आपल्या वयात अकरा महिने म्हणजे काहीच नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या वयात ते आयुष्याचा दहावा हिस्सा. तो उंच असतो, जोरात पळतो, म्हणून निवडला जातो. निवडला गेला म्हणून जास्त खेळतो, जास्त खेळतो म्हणून खरंच चांगला होतो. आणि दुसरा बाटल्या धरतो.

मी आमच्या टीमची यादी काढली, जन्मतारखांसकट. माझ्या सात 'उत्तम' खेळाडूंपैकी पाच जण जानेवारी ते एप्रिलमधले निघाले. आणि माझा अकरावा गडी? २३ नोव्हेंबर.

सात जणांची यादी म्हणजे काही संशोधन नव्हे, तेवढं स्टॅटिस्टिक्स मलाही कळतं. पण मला जे दिसायचं होतं ते दिसलं. इतके दिवस मला वाटत होतं की माझी नजर तयार आहे, मी एका दृष्टिक्षेपात खेळाडू ओळखतो. मी ओळखत होतो ती फक्त उंची.

बेल्जियमने पुढे यावरही उपाय काढला. साधारण पंधरा-सोळाच्या वयात उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी त्यांनी २००८ पासून वेगळे राष्ट्रीय संघ सुरू केले, 'फ्यूचर्स' या नावाने. अंगाने मागे असलेल्या पण खेळात हुशार पोराला त्याच्यासारख्यांबरोबर खेळू द्यायचं, शरीर त्याला गाठेपर्यंत टिकवून ठेवायचं. एवढंच. वाट बघण्याची सोय.

मग शेवटी जिंकले का?

बघा, आलाच की नाही तो प्रश्न? :-)

नोव्हेंबर २०१५ मध्ये बेल्जियम फिफा क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर पोचला. सव्वा कोटीच्या आत लोकसंख्या असलेला देश! २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलला हरवून उपांत्य फेरी गाठली आणि इंग्लंडला नमवून तिसरा क्रमांक मिळवला. हॅझार्ड, डी ब्रुयना, लुकाकू, कोर्तुआ, कोंपनी ही नावं शेंबड्या पोरालाही माहीत झाली. त्यातल्या कोर्तुआची गोष्ट तर मस्तच. जगातला एक सर्वोत्तम गोलकीपर, आणि लहानपणी तो लेफ्ट बॅक खेळायचा. (लेफ्ट बॅक लोकांना भवितव्य असतं हे वाचून बरं वाटलं.)

तर मंडळी, सुंदर आराखडा, धीर धरला, फळ मिळालं, इति सुफळ संपूर्ण. असं लिहून हा लेख इथेच संपवता आला असता. पण जरा तारखा लावून बघितल्या तर गडबड होते.

कोंपनीचा जन्म १९८६ चा, हॅझार्ड आणि डी ब्रुयना १९९१ चे. आराखडा आला २००६ मध्ये, तेव्हा कोंपनी वीस वर्षांचा होता आणि उरलेले दोघे पंधराचे. म्हणजे आठव्या वर्षी दोन विरुद्ध दोन खेळायचा त्यांना या आराखड्याने काही उपयोग झाला नाही. हॅझार्ड तर चौदाव्या वर्षीच फ्रान्समध्ये लीलच्या अकादमीत गेला होता. व्हर्टोंगन, आल्डरव्हेरेल्ड हे नेदरलँड्समध्ये आयाक्समध्ये घडले. कोंपनी आणि लुकाकू यांच्या वडिलांचं मूळ काँगोत, फेलेनीचं कुटुंब मोरोक्कोतलं, म्हणजे स्थलांतरितांच्या वस्त्यांतल्या फुटबॉलचाही यात वाटा आहे. आंडरलेख्त, हेंक यांसारखे क्लब आपापलं काम करत होते. १९९८ पासून निघालेल्या खास क्रीडाशाळा होत्या, जिथे शाळेच्या वेळेतच जादा सराव मिळायचा. आणि नशीब नावाची चीजही असते. आपल्या धंद्यात म्हणतात तसं, रिलीजनंतर सर्व्हर फास्ट झाला म्हणजे तो तुमच्याच कोडमुळे झाला असं नाही.

शिवाय या 'सुवर्ण पिढी'ने शेवटपर्यंत एकही मोठी स्पर्धा जिंकली नाही. २०२२ च्या वर्ल्ड कपला तर गटफेरीतच बाद. म्हणजे २००० साली होतं तिथेच!

मग आराखडा चुकीचा होता का?

इथे मी बराच वेळ अडकलो. आणि मग लक्षात आलं की मी परत तीच चूक करतोय. आठ वर्षांच्या मुलांना काय शिकवावं हे मी कपावरून ठरवतोय. कोडच्या ओळी मोजून प्रोग्रॅमरची किंमत करणारे मॅनेजर आपण सगळ्यांनी पाहिलेत. आकडा सोपा, म्हणून तो मोजायचा, आणि मोजतोय म्हणून तोच महत्त्वाचा मानायचा. स्कोअर हा तसलाच आकडा आहे. बेल्जियम २०१८ मध्ये तिसरा आला म्हणून दोन विरुद्ध दोन बरोबर ठरत नाही, आणि २०२२ मध्ये बाहेर गेला म्हणून चूकही ठरत नाही. १२०० सेकंदांना चारने भागलं की ३००, हे कुठल्याही वर्ल्ड कपच्या निकालाने बदलत नाही. नोव्हेंबरमध्ये जन्मलेला मुलगा जानेवारीतल्यापेक्षा लहान असतो, हेही नाही.

लहान मुलांच्या कोचने मोजायच्या गोष्टी मला वाटतं दोनच आहेत. प्रत्येकाच्या पायाला चेंडू किती लागला, आणि पुढच्या रविवारी किती जण परत आले. दुसऱ्या आकड्यात मी नापास झालो होतो, आणि कप हातात असल्यामुळे ते मला कळलंही नव्हतं.

आपल्याकडेही हे वारं पोचलंय बरं का. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ च्या सुमारास 'गोल्डन बेबी लीग' सुरू केल्या, छोट्या मुलांच्या छोट्या टीम, छोटी मैदानं. पण शनिवार-रविवारी कुठल्याही टर्फवर जाऊन बघा. जाळीबाहेर उभे असलेले आईबाप काय ओरडत असतात ते ऐका. "पास दे!", "मार ना!", "अरे काय करतोयस!" आराखडा पोचायला वेळ लागतो, तिथेही लागला.

आमच्याकडे मी सध्या एवढंच केलंय. टर्फ तासाभरासाठी घेतो आणि मधे कोन ठेवून त्याचे दोन भाग करतो. चार-चारच्या टीम, राखीव कोणी नाही. संख्या जुळली नाही तर एका बाजूला तीन आणि मी. गोलकीपर दर पाच मिनिटांनी बदलतो. कोणी चेंडू घेऊन सुटलं की मी तोंड बंद ठेवतो (हे सगळ्यात अवघड). स्कोअर मी ठेवत नाही. पोरं ठेवतात, अगदी चोख ठेवतात, त्यावरून भांडतात, आणि पाण्याच्या बाटल्या उघडेपर्यंत विसरून जातात. लक्षात राहतो तो फक्त आपल्याला.

स्पर्धेत उतरायचं का, यावर दोन पालकांशी वाजलं. "मग मुलांना स्पर्धेची सवय कशी लागणार?" असं एक जण म्हणाले. प्रश्न वाजवी आहे. मी म्हटलं उतरू, पण अकराच्या अकरा सारखी मिनिटं खेळतील, आणि हरलो तर मला बोला. बघू, बोलतीलच.

आणि तो? तो आता कराटेला जातो. परवा लिफ्टमध्ये भेटला, पांढरा ड्रेस, पिवळा पट्टा. सातव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात मी त्याला सॉरी म्हणालो. तू लहान होतास म्हणून बसवलं, खेळत नव्हतास म्हणून नाही, माझं चुकलं, असं काहीतरी. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला सॉरी म्हणताना भलतीच ततपप होते हो. तो पट्ट्याचं टोक पिळत उभा होता.

"आता टीम किती जणांची असते?" त्याने विचारलं.

"चार."

"आणि एक्स्ट्रा?"

"एक्स्ट्रा कोणीच नाही."

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. "बघतो," म्हणाला आणि पळाला.

असो. रविवारी सकाळी साडेसातला टर्फ बुक आहे.